यीस्टचे विरजण करावे की न करावे?

मैत्रिणींनो, थंडी पडली की आपल्याकडे घरोघरी दोन तक्रारी ऐकू येतात. एक म्हणजे दही लागत नाही, आणि दुसरी म्हणजे घरी केलेला पाव फुगत नाही. पहिली तक्रार आपल्या आजीच्याही वेळची आहे, त्यामुळे तिच्यावरचे उपाय प्रत्येकीला पाठ असतात. दुसरी मात्र अलीकडची. घरात लहानसा ओव्हन आला, मुलांना पावभाजीचा पाव घरचाच हवा झाला, आणि फ्रिजच्या दारात यीस्टची पुडी येऊन बसली. ती पुडी हातात घेतली की प्रश्न उभा राहतो. यीस्ट सरळ पिठात टाकायचे, की आधी कोमट पाण्यात फुलवून घ्यायचे? आणि काही जणी सांगतात तसे, आदल्या रात्रीच थोडे पीठ भिजवून त्याचे विरजण करून ठेवायचे का?

एक शेजारीण सांगते, ‘फुलवल्याशिवाय टाकूच नकोस.’ दुसरी म्हणते, ‘अगं, कशाला तो खटाटोप? मी तर सरळ टाकते.’ गंमत म्हणजे दोघींचेही पाव चांगले होतात! कारण दोघींच्या पुड्या वेगळ्या असतात आणि दोघींनी पाव केलेला महिनाही वेगळा असतो. म्हणून आज या एकाच प्रश्नाचा नीट विचार करू या.

यीस्ट म्हणजे काय?

सोडा किंवा बेकिंग पावडर ही रसायने आहेत. यीस्ट हा जीव आहे. डोळ्यांना न दिसणारी ही एक प्रकारची बुरशीच. पिठातली साखर खायची आणि वायू सोडायचा, हे तिचे काम. तो वायू मळलेल्या पिठात अडकतो आणि पाव फुगतो. हे काम जिवंत पेशी करतात, हे फ्रान्सच्या लुई पाश्चर यांनी १८५७ च्या सुमारास ठामपणे मांडले. पुढे १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सेन यांनी एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवून दाखवले. ते काम बिअरसाठी होते. पण शुद्ध यीस्ट निवडून वाढवायची वाट त्यातून मोकळी झाली. पावाचे यीस्ट आणि बिअरचे बहुतेक यीस्ट ही एकाच घराण्यातली भावंडे आहेत.

आपल्या शेजारच्या गोव्यात पुडीतले यीस्ट येण्याच्या कितीतरी आधीपासून पाव होत होता. तिथले पदेर माडाच्या सुरेवर पीठ आंबवत, कारण ताज्या सुरेत हे जीव आपोआप वाढतात. आपल्या खानदेशात कुठला माड आणि कुठली सुर! आपल्याकडे जिलबीचे पीठ आंबवायचे ते दह्यावर किंवा नुसत्या वेळेवर. त्यामुळे यीस्ट आपल्याला पाहुण्यासारखे वाटते. खरे तर त्याचा स्वभाव आपल्या दह्याच्या विरजणासारखाच आहे.

आधी पुडी ओळखा

बाजारात यीस्ट तीन प्रकारचे मिळते. पहिले ताजे यीस्ट. हे खव्यासारखे मऊ, वडीच्या रूपात असते आणि बहुधा बेकरीवाल्यांकडेच दिसते. ते फ्रिजमध्येही दोन-तीन आठवड्यांपलीकडे टिकत नाही. ते थोड्या कोमट पाण्यात कालवून घालावे म्हणजे पिठात सगळीकडे सारखे पसरते.

दुसरे जाड दाण्याचे कोरडे यीस्ट. हे मोहरीसारखे किंवा त्याहून बारीक गोल दाण्यांचे असते. पुडीवर ‘ॲक्टिव्ह ड्राय’ असे लिहिलेले असते. या दाण्यांवर वाळून मेलेल्या पेशींचे कवच असते, म्हणून त्यांना आधी कोमट पाण्यात भिजवावे लागते. पाणी गार घेतले तर पेशींमधला एक पदार्थ पाण्यात उतरतो आणि कणीक चिकट, सैल होते. पुष्कळ जणी मैद्याला दोष देतात. पण दोष गार पाण्याचा असतो.

तिसरे बारीक रव्यासारखे ‘इन्स्टंट’ यीस्ट. हे १९७० च्या दशकात निघाले आणि आज आपल्या वाणसामानाच्या दुकानात बहुतेक हेच मिळते. हे सरळ मैद्यात मिसळावे. पुडी ताजी असेल तर याला फुलवण्याची काहीच गरज नाही. ‘मी तर सरळ टाकते’ म्हणणाऱ्या शेजारणीकडे ही पुडी असते बरं का!

फुलवणे वेगळे, विरजण वेगळे

आता खरी गोम ऐका. आपण दोन वेगळ्या गोष्टींना एकच समजतो, म्हणून गोंधळ होतो.

पाण्यात फुलवणे ही फक्त परीक्षा आहे. यीस्ट जिवंत आहे की मेले, एवढेच त्यातून कळते. दहा मिनिटांत यीस्टची संख्या काही वाढत नाही. विरजण करणे म्हणजे थोड्या यीस्टला बरेच तास खायला घालून त्याची संख्या वाढवणे, आणि मग ते मोठ्या कामाला लावणे. दुधाच्या पातेल्यात आपण चमचाभर दही घालतो ते याच हिशेबाने.

मग पावासाठी संख्या वाढवायची गरज असते का? बिअर बनवणाऱ्यांचे उदाहरण घ्या. इंग्लंडमध्ये १९६३ पासून परवान्याची अट गेली आणि अमेरिकेत १९७९ पासून घरगुती वापरासाठी घरी बिअर करायला केंद्र सरकारची मोकळीक मिळाली. (आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, परवान्याशिवाय घरी मद्य करणे गुन्हा आहे, तेव्हा तिकडचे प्रयोग तिकडेच राहू देत!) तिथल्या हौशी लोकांपुढेही अगदी हाच प्रश्न असतो. वीस लिटर बिअरला साधारण दीडशे ते दोनशे अब्ज पेशी लागतात. पातळ यीस्टच्या बऱ्याच पाकिटांत ताज्या असताना शंभर अब्जांच्या आसपास पेशी असतात, आणि महिनागणिक त्या मरत जातात. म्हणून पातळ यीस्ट घेणारे लोक आधी लिटरभर माल्टच्या पाण्यात विरजण करून संख्या वाढवतात. कोरड्या यीस्टच्या एका पुडीत मात्र पेशी मुळातच भरपूर असतात. शिवाय कारखान्यातून निघतानाच त्यांच्या अंगी शिदोरी भरलेली असते. तिथे विरजण करणे म्हणजे ती शिदोरी फुकट संपवणे. म्हणून जाणकार कोरड्या यीस्टचे विरजण करत नाहीत.

आपल्या पावाला हाच हिशेब लावा. अर्धा किलो मैद्याला दीड चहाचा चमचा, म्हणजे सुमारे पाच ग्रॅम कोरडे यीस्ट आपण घालतो. त्यात पन्नास अब्जांच्या घरात पेशी असतात. दीड-दोन तासांच्या कामाला एवढे कामकरी पुरून उरतात. तेव्हा पुडी चांगली असेल तर पाव फुगवण्यासाठी विरजणाची गरज नाही. विरजण करायचे ते दुसऱ्या कारणांसाठी, ते पुढे सांगते.

परीक्षा कधी घ्यावी?

पुडी उघडून चार महिने झाले असतील; पुडीवरची तारीख उलटली असेल; दोन दिवस वीज नव्हती आणि फ्रिज बंद होता; किंवा पुडी एप्रिल-मे महिन्यात विकत घेतली असेल, तर परीक्षा जरूर घ्यावी. शेवटचे कारण आपल्या खानदेशाला विशेष लागू आहे. जळगावात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. अशा दिवसांत पत्र्याखालच्या दुकानात फळीवर पडून राहिलेल्या पुडीतले किती जीव वाचत असतील, तुम्हीच विचार करा. तारीख पुढची असली म्हणजे यीस्ट जिवंत आहेच, असे नाही.

परीक्षा अशी घ्यावी. अर्धी वाटी कोमट पाणी घ्यावे. त्यात चमचाभर साखर विरघळवावी आणि वर चहाचा एक चमचा यीस्ट भुरभुरवावे. पाणी ४० अंशांच्या आसपास हवे. घरात उष्णतामापक नसला तरी अडत नाही. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून पाहा, बाळाच्या दुधाचे पाहतो तसे. थेंब ऊबदार लागावा, चटका लागता कामा नये. ५५-६० अंशांचे कढत पाणी यीस्टला मारून टाकते; मग पुडी कितीही ताजी असो.

दहा मिनिटांनी वर दाट फेस आला आणि गोडसर, आंबूस वास सुटला, तर तेच पाणी मैद्यात घालून कामाला लागा. फेस तुरळक असेल तर यीस्ट थकलेले आहे. ते दीडपट घ्यावे आणि वेळ जास्त द्यावा. पंधरा मिनिटांनीही पाणी गढूळच दिसले तर ते मोरीत ओता. चमचाभर यीस्ट गेले तर गेले. अर्धा किलो मैदा, दूध, लोणी आणि पाहुण्यांसमोरची फजिती तरी वाचली!

विरजण कधी करावे?

तीन प्रसंगी.

पहिला प्रसंग, पुडीत यीस्ट अगदी थोडे उरले आहे आणि दुकान लांब आहे. चिमूटभर जिवंत यीस्ट असले तरी रात्रभरात त्याचे पुष्कळ करता येते.

दुसरा, कडाक्याची थंडी. धुळ्याच्या बाजूला एखाद्या हिवाळ्यात पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. अशा दिवसांत सकाळी भिजवलेले पीठ दुपारपर्यंत जागचे हलत नाही. रात्रीच यीस्टला कामाला लावले की सकाळी वेळ वाचतो.

तिसरा प्रसंग चवीचा. सावकाश आंबलेल्या पिठाला जो वास आणि जी चव येते, ती तासाभरात फुगवलेल्या पिठाला येत नाही. पावही दुसऱ्या दिवशीपर्यंत मऊ राहतो.

कृती सोपी आहे. रात्री झोपण्यापूर्वी १५० ग्रॅम मैदा, १५० मिलिलिटर पाणी आणि चहाच्या चमच्याच्या आठव्या भागाइतके, म्हणजे दोन बोटांच्या चिमटीत मावेल एवढे, इन्स्टंट यीस्ट कालवावे. मीठ घालू नये. उंच भांड्यात झाकून स्वयंपाकघरात ठेवावे. दहा-बारा तासांनी ते दुप्पट होते, वर बुडबुडे दिसतात आणि मधोमध किंचित खळगा पडू लागतो. तो खळगा म्हणजे ‘आता मला वापरा’ अशी खूणच समजा.

पण हीच कृती मे महिन्यात जळगावात केलीत तर? तीन-चार तासांत विरजण वर येऊन खाली बसेल, आणि सकाळपर्यंत नाक मुरडावे असा वास सुटेल. म्हणून उन्हाळ्यात रात्रीचे विरजण करूच नये. करायचेच तर फ्रिजमध्ये ठेवावे. उलट उन्हाळ्यात इन्स्टंट यीस्ट थोडे कमी घ्यावे, पीठ माठातल्या पाण्याने भिजवावे आणि त्याच्यावर नजर ठेवावी. पाऊण तासाचे काम अर्ध्या तासात होते.

पावाचे प्रमाण

मैदा अर्धा किलो, इन्स्टंट यीस्ट दीड चहाचा चमचा, साखर दोन चमचे, मीठ दीड चमचा, दूध आणि पाणी मिळून ३०० मिलिलिटर, लोणी दोन मोठे चमचे. रात्रीचे विरजण केले असेल तर त्यात उरलेला ३५० ग्रॅम मैदा आणि १५० मिलिलिटर कोमट दूध घालावे, आणि यीस्ट अर्धाच चमचा घालावे. मीठ आणि यीस्ट एकाच जागी घालू नये. मीठ मैद्याच्या एका बाजूला, यीस्ट दुसऱ्या बाजूला.

पीठ दहा-बारा मिनिटे भरपूर मळावे. आधी ते हाताला चिकटेल. घाबरून वरून मैदा घालत बसू नका. लोणी शेवटी घालून पुन्हा मळावे. तुपाचा हात लावून पीठ झाकून ठेवावे आणि दुप्पट होऊ द्यावे. हिवाळ्यात बंद ओव्हनमध्ये कढत पाण्याचे पातेले ठेवून त्याशेजारी पिठाचे भांडे ठेवले की छान ऊब मिळते. मग पीठ दाबून वायू काढावा, बारा गोळे करून ट्रेमध्ये जवळजवळ मांडावेत आणि पुन्हा अर्धा-पाऊण तास फुगू द्यावेत. बोटाने हलके दाबून पाहा. खळगा सावकाश भरून आला तर पाव तयार आहेत. चटकन भरला तर अजून थांबा. २०० अंशांवर अठरा ते वीस मिनिटे भाजावेत आणि बाहेर काढताच वरून लोण्याचा हात फिरवावा.

आणि पुडी उघडल्यावर उरलेले यीस्ट घट्ट झाकणाच्या कोरड्या बरणीत, फ्रिजमध्ये ठेवावे. बरणीवर उघडल्याची तारीख लिहावी. ओला चमचा कधी घालू नये.

आपल्याला हे आधीच ठाऊक आहे

खरे सांगायचे तर यातले नवे काही नाही. हिवाळ्यात दुधाला विरजण जास्त लावायचे, पातेले गोधडीत गुंडाळायचे. उन्हाळ्यात नखाएवढे विरजण पुरते, हे आपण रोज करतोच. थंडीत इडलीचे पीठ आंबत नाही तेव्हा आदल्या पिठातले वाटीभर त्यात घालतो. मे महिन्यात घालत नाही, कारण उडदाच्या डाळीबरोबर आलेले जीवच तेव्हा पुरेसे असतात. कुरडयांचे गहू तीन दिवस भिजतात, बिबड्यांची ज्वारी भिजते. त्यांना आपण कुठलेही विरजण लावत नाही. फाल्गुन-चैत्राचे ऊन आणि धान्याचे स्वतःचे जीव मिळून ते काम करतात. आपण रोज पाणी बदलतो आणि वासावर लक्ष ठेवतो, एवढेच. म्हणजे विरजण लावायचे की नाही हे ठरवण्याचे शहाणपण आपल्या हातात पिढ्यानपिढ्या आहे. मनाशी तीन गोष्टी विचारायच्या. बी किती जिवंत आहे? काम किती मोठे आहे? ऊब आणि वेळ किती आहे? या तिन्हींची उत्तरे मिळाली की पुस्तक उघडायला नको.

आणि म्हणूनच एक गोष्ट आज मुद्दाम सांगायची आहे. दही लागले नाही, पाव बसला, कुरडईचा चीक बिघडला, की घरात काय म्हणतात? ‘हिच्या हाताला गुणच नाही.’ नव्या सुनेला तर हे हमखास ऐकावे लागते. कुठे कुठे अजूनही अडचणीच्या दिवसांत बाईने चिकाला, पापडाच्या पिठाला, लोणच्याच्या बरणीला शिवायचे नाही, शिवले तर नासते, असे मानतात. मग वर्षभराचे गहू बिघडले की त्या खापरासाठी कोणाचे तरी डोके शोधले जाते.

बायांनो, यीस्टला माणसाची नाती कळत नाहीत आणि महिन्याचे दिवसही कळत नाहीत. त्याला ऊब कळते, खाणे कळते आणि वेळ कळतो. लोणचे नासते ते ओल्या चमच्याने किंवा कमी मिठाने. चीक बिघडतो तो पाणी न बदलल्याने. पाव बसतो तो मेलेल्या पुडीने किंवा कढत पाण्याने. या सगळ्यांची कारणे शोधता येतात आणि दुरुस्त करता येतात. माणसाच्या हाताला लावलेला ठपका मात्र शोधताही येत नाही आणि पुसताही येत नाही. तो नुसता मनात सलत राहतो.

तेव्हा तुमच्याकडे लेक असो की सून, तिचा पाव बसला तर आधी पुडीवरची तारीख बघा. मग तिच्याबरोबर अर्ध्या वाटी पाण्यात चमचाभर यीस्ट टाका आणि दहा मिनिटे दोघी मिळून त्याच्याकडे पाहत बसा. फेस आला तर चुकले ते पाण्यात, उबेत किंवा वेळेत. तेवढे पुढच्या वेळी सांभाळता येते. फेस आला नाही तर दोष पुडीचा. आणि बसलेला पाव टाकून देऊ नका बरं! त्याचे पातळ काप करून मंद ओव्हनमध्ये कडक भाजले की चहाबरोबर खायला छान टोस्ट होतात. डबाभर टोस्ट संपायला घरात दोन दिवसही लागणार नाहीत.